कारपूलच्या लेनवर टोल कसा आला

अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या शहरांभोवतीच्या महामार्गांवर आज ‘एक्स्प्रेस लेन’ दिसतात. गाडीत ठरलेल्या संख्येइतकी माणसं असतील (म्हणजे कारपूल, एकच गाडी वाटून घेणं) तर बहुतेक ठिकाणी प्रवास फुकट, एकटा चालक असेल तर टोल, आणि अनेक ठिकाणी तो टोलही गर्दी पाहून काही मिनिटांनी बदलणारा. ही व्यवस्था एका बैठकीत आखलेली नाही. तिची सुरुवात बसपासून झाली, आणि हे आज जवळजवळ विसरलं गेलं आहे.

वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनियात, शर्ली हायवेवर 1969 मध्ये फक्त बससाठी राखीव मार्ग खुला झाला. डिसेंबर 1970 मध्ये न्यू जर्सीतून न्यूयॉर्कला जाणाऱ्या लिंकन बोगद्याच्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या वाहतुकीची एक लेन सकाळपुरती काढून बसना देण्यात आली. जेमतेम अडीच मैलांची ही लेन आजही सकाळच्या चार तासांत हजाराहून अधिक बस शहरात नेते. गाड्या मोजायच्या की माणसं, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि इंधन वाचवणं हा सरकारी कार्यक्रम झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शर्ली हायवेच्या राखीव लेन चार किंवा अधिक माणसांच्या गाड्यांना खुल्या झाल्या, आणि जानेवारी 1974 च्या कायद्याने कारपूलच्या प्रयोगांना केंद्राचा पैसा मिळू लागला. शर्लीवर यातून एक सुंदर गोष्ट घडली. संख्या भरावी म्हणून चालक ठरलेल्या थांब्यांवर रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी लोकांना गाडीत घेऊ लागले. पैशांची देवघेव नाही. एकाला वेगवान लेन मिळते, दुसऱ्याला फुकट प्रवास. या रीतीला तिथे ‘स्लगिंग’ म्हणतात. ती कोणत्याही खात्याने सुरू केलेली नाही, लोकांनीच ती रुजवली.

राखीव लेनची मूळ अडचण मात्र तिच्या कामातच दडलेली आहे. महामार्गाच्या एका लेनमधून तासाला साधारण दोन हजार गाड्या सुरळीत जातात. त्याहून जास्त घुसल्या की वेग कोसळतो, आणि मग तासाला पार होणाऱ्या गाड्याही कमी होतात. म्हणून राखीव लेन वेगवान ठेवायची तर तिच्यात जागा शिल्लक राहायलाच हवी. हीच शिल्लक जागा शेजारी खोळंबलेल्या माणसाच्या डोळ्यांत खुपते. पुढचा सगळा इतिहास मला या एका खुपण्याचा वाटतो.

लॉस एंजेलिसमध्ये ते सर्वांत तीव्रपणे दिसलं. मार्च 1976 मध्ये सँटा मोनिका फ्रीवेवर दोन्ही दिशांची एकेक चालू लेन बस आणि तीन किंवा अधिक माणसांच्या गाड्यांसाठी राखून ठेवण्यात आली. रस्त्यावर रंगवलेल्या चौकटीच्या खुणेवरून तिला ‘डायमंड लेन’ म्हणत. पहिल्याच दिवशी बाकीच्या लेन तुंबल्या. कालपर्यंत आपली असलेली लेन आज रिकामी दिसते आणि आपण तिच्या शेजारी उभे, हे लोकांना सहन झालं नाही. 21 आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, पर्यावरणीय परिणामांचा आढावा घेतला नाही या मुद्द्यावर न्यायाधीश मॅथ्यू बर्न यांनी प्रयोग थांबवला. बसचे प्रवासी वाढले होते, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही. अधिकाऱ्यांनी धडा घेतला तो असा: आहे ती लेन काढून घेऊ नका, नवी बांधा आणि ती राखीव ठेवा. पुढच्या दोन दशकांत बहुतेक कारपूल लेन याच मार्गाने आल्या. म्हणजे गर्दी कमी करण्याच्या नावाखाली रस्ते रुंद होत गेले.

रिकामी दिसणारी लेन भरायचे दोन उपाय होते. एक, माणसांची अट शिथिल करणं. त्याचं काय होतं, ते एल मॉन्टे बसवेने दाखवलं. लॉस एंजेलिसच्या पूर्वेची ही 1973 ची बस लेन तीन माणसांच्या अटीवर उत्तम चालत होती. विधिमंडळाने 1 जानेवारी 2000 पासून अट दोनवर आणली. गर्दीच्या वेळी ताशी 65 मैलांचा वेग 20 च्या आसपास आला, बसचं वेळापत्रक कोलमडलं, आणि जुलैत तातडीच्या कायद्याने गर्दीच्या वेळेपुरती तीनची अट परत आणावी लागली. एका आकड्याचा फरक, आणि बस प्रवाशांचे सहा महिने त्यात गेले.

दुसरा उपाय म्हणजे शिल्लक जागा विकणं. ही कल्पना बरीच जुनी. कोलंबिया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी 1959 मध्येच वॉशिंग्टनसाठी सुचवलं होतं की गाडीत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावरून, गर्दीच्या वेळी जास्त, असं शुल्क घ्यावं. तेव्हा ते कोणी मनावर घेतलं नाही. ऑक्टोबर 1996 मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले.

तोवर कॅलिफोर्नियात सुरुवात झाली होती. ऑरेंज काउंटीत स्टेट रूट 91 च्या मध्यभागी एका खासगी कंपनीने दहा मैलांच्या चार लेन बांधल्या. त्या 27 डिसेंबर 1995 रोजी खुल्या झाल्या. टोल नाका नाही, सगळं ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे गाडीतल्या टोल वळता करणाऱ्या छोट्या रेडिओ उपकरणावर. टोल वेळेनुसार 25 सेंटपासून अडीच डॉलरपर्यंत, तीन माणसांच्या गाडीला फुकट. पण करारात एक कलम होतं: शेजारच्या मोफत लेन राज्याने वाढवायच्या नाहीत. गर्दी हाच ज्याचा धंदा, त्याला गर्दी कमी होऊ न देण्याचा हक्क! हे कलम इतकं जाचलं की जानेवारी 2003 मध्ये काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने या लेन 20 कोटी 75 लाख डॉलरना विकत घेतल्या.

सॅन दिएगोचा प्रयोग मला जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे आय-15 (इंटरस्टेट 15) या महामार्गावर 1988 पासून आठ मैलांच्या कारपूल लेन होत्या आणि त्या पुरेशा भरत नव्हत्या. डिसेंबर 1996 मध्ये एकट्या चालकांना या लेनचे मासिक पास विकायला सुरुवात झाली. 1998 पासून दर फेरीचा टोल आला, तोही दर सहा मिनिटांनी बदलू शकणारा. गर्दी वाढली की दर चढतो, काही जण बाहेर राहतात, लेन वाहती राहते. आलेल्या पैशातून त्याच मार्गावर बससेवा चालवली गेली.

‘लेक्सस लेन’, म्हणजे महागड्या गाडीवाल्यांची लेन, हे टोमणेवजा नाव मात्र या सगळ्यांना चिकटलं. 2005 च्या केंद्रीय कायद्याने कारपूल लेनमध्ये टोल घेण्याची वाट मोकळी केली, आणि त्याच वर्षी मिनियापोलिसजवळ आय-394 वर ती सोय सुरू झाली. दरम्यान कारपूलच ओसरत होतं: 1980 मध्ये कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्के लोक गाडी वाटून घेत, 2010 पर्यंत ते प्रमाण दहाच्या खाली आलं.

व्हर्जिनियातल्या आय-66 चा बेल्टवेच्या (वॉशिंग्टनभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाच्या) आतला भाग 1982 मध्ये खुला झाला, तेव्हा गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेला चार माणसांची अट होती. ती पुढे तीन आणि मग दोन झाली. डिसेंबर 2017 मध्ये एकट्या चालकांनाही टोल भरून प्रवेश मिळाला. पहिल्याच सकाळी साधारण दहा मैलांचा दर 34.50 डॉलरपर्यंत चढला आणि त्याच आकड्याच्या बातम्या झाल्या. डिसेंबर 2022 मध्ये तिथली फुकट प्रवासाची अट पुन्हा तीनवर गेली, आणि रोज सोबत जाणाऱ्या दोघांच्या गाडीलाही त्या वेळेत एकट्याइतकाच टोल लागू झाला.