गाणारा नट, गद्य नाटक आणि मधली भिंत

संगीत रंगभूमीवर नाव कमावलेला कलावंत पहिल्यांदा गद्य नाटकात उभा राहतो, तेव्हा त्याची बातमी होते. ‘गाण्याशिवाय निभेल का?’ ही शंका त्या बातमीच्या तळाशी असते. ही शंका आपल्या रंगभूमीच्या जन्मापासूनची नाही. तिला नाटक मंडळ्यांच्या व्यवहाराने घडवलं.

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या खेळांत पदं, म्हणजे नाटकातली गाणी, सूत्रधार म्हणे आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलत. 1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, तेव्हा आधी लिहून ठेवलेले संवाद पाठ करून बोलायची रीत सुरू झाली. अशा नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणत. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि पद थेट पात्राच्या तोंडी आलं. दुष्यंत स्वतः गाऊ लागला. गायक नट खऱ्या अर्थाने त्या रात्री जन्मला.

लगेच 1881 मध्ये शाहूनगरवासी मंडळी उभी राहिली. तिथे गणपतराव जोश्यांनी आगरकरांच्या भाषांतरातला ‘हॅम्लेट’ एकही पद न म्हणता गाजवला. इथून दोन वाटा झाल्या. संगीत मंडळ्या मुलगा निवडत तो गळ्यावर, अभिनयाची तालीम नंतर. प्रेक्षक पदांसाठी तिकीट काढत आणि ‘वन्स मोअर’ने प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. असा गळा पदरी असताना त्याला गद्य भूमिकेत उभं करणं कोणत्याही मालकाला परवडणारं नव्हतं. माझ्या मते भिंत उभी राहिली ती या हिशेबामुळे, कलेतल्या एखाद्या नियमामुळे नव्हे.

नाटककार मात्र ती भिंत सहज ओलांडत. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ (1907) गद्य, ‘मानापमान’ (1911) संगीत. देवलांचं ‘फाल्गुनराव’ आधी गद्य होतं, तेच 1916 मध्ये पदं घालून ‘संशयकल्लोळ’ झालं. एकच कथानक दोन्ही अंगांनी रंगलं, हा मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

नटांमध्ये हा पूल बांधला गणपतराव बोडसांनी. 1913 साली बालगंधर्व आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ज्या मंडळीत गाणं म्हणजे सर्वस्व, तिथे बोडस उभे राहिले गद्याच्या बळावर. ‘एकच प्याला’तला (1919) त्यांचा सुधाकर आठवा: शेजारी त्याच्या बायकोची, सिंधूची, पदं, आणि याच्या हाती फक्त वाक्यं.

गायक नटाला जड जातं ते नेमकं इथेच. पदाला ऑर्गनचा सूर आणि तबल्याचा ठेका बाहेरून मिळतो. नट पुढे येऊन प्रेक्षकांकडे तोंड करतो आणि एकच भाव आलापीत कितीतरी वेळ खुलवतो. गद्यात तोच भाव एका वाक्यात उतरवायचा, तोही समोरच्या पात्राकडे पाहून. लय आतून सांभाळायची आणि दुसऱ्याचं बोलणं खरोखर ऐकायचं. गळ्याची तयारी इथे वाया जात नाही. श्वासावरची हुकमत आणि शब्दफेक थेट कामी येते. पण सवयी मोडाव्या लागतात.

1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. त्यात पदं मोजकीच होती आणि तीही प्रसंगातून सहज येणारी. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. या संस्थेत महाराष्ट्र नाटक मंडळीच्या गद्य परंपरेत वाढलेले केशवराव दाते होते आणि गाण्यातून आलेल्या ज्योत्स्ना भोळेही. एव्हाना बोलपट आले होते, मोठ्या संगीत मंडळ्या कर्जात होत्या आणि नुसत्या गळ्यावर नट सांभाळण्याचा व्यवहार मोडत चालला होता.