झोत कुणाचा? गॅमा किरणांच्या दीर्घिका ओळखताना

‘आज रात्री १२:३० ते ३:३० मोबाईल उशाशी ठेवू नका, अवकाशातून घातक किरण येणार आहेत.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा मेसेज परवा पुन्हा आमच्या हिंगोलीच्या ग्रुपवर आला. खाली एकाची शंका: ‘औंढ्याच्या लायगोमुळं का?’ लायगो ही वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपणार आहे, किरणांशी त्याचा संबंध नाही. आणि गॅमा किरण, म्हणजे सगळ्यांत जास्त ऊर्जेचा प्रकाश, तर आपलं वातावरणच अडवतं. म्हणून तर २००८ साली फर्मी दुर्बीण अवकाशात पाठवावी लागली.

फर्मीला हजारो गॅमा-स्रोत सापडले, पण तिची नजर धूसर आहे. एवढ्या ऊर्जेचे किरण आरशानं गोळा होत नाहीत. ‘या तुकड्यातून येतायत’ एवढंच ती सांगते, आणि त्या तुकड्यात दीर्घिका ढीगभर.

रात्रीची लाईट आली की गव्हाला पाणी द्यायला माणसं बॅटरी घेऊन निघतात. लांबच्या बांधावर नुसता अंधुक उजेड हलत असतो. ‘कोण हाय रं?’ म्हणत त्यानं झोत इकडं वळवला की डोळे दिपतात. बॅटरी तीच, बदलली फक्त दिशा. काही सक्रिय दीर्घिकांच्या मध्यावरच्या महाकाय कृष्णविवराजवळून जवळपास प्रकाशाच्या वेगानं असाच झोत सुटतो. तो आपल्या रोखानं असेल तर ती दीर्घिका ‘ब्लेझार’.

आता खरी गंमत. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओपासून अवरक्तापर्यंत आणि त्याही पुढं प्रकाश सोडतात. हे सिंक्रोट्रॉन प्रारण. तेच इलेक्ट्रॉन एखाद्या फोटॉनला, म्हणजे प्रकाशकणाला, धडकले की आपली ऊर्जा त्याला देतात. इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या (तो थांबलेला असतानाही असते तिच्या) १०,००० पट असेल, तर फोटॉनची वाढते साधारण त्या आकड्याच्या वर्गाइतकी, म्हणजे १० कोटी पट! २ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा साधा दृश्य फोटॉन २० कोटींवर जातो. झाला गॅमा किरण.

कर्ता एकच, म्हणून अवरक्तातली खूण गॅमाचा माग देते. वाइज या अवरक्त दुर्बिणीनं ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यांत आकाश पाहिलं. गरम धुळीचं प्रारण तापमानानुसार एका जागी फुगतं. सिंक्रोट्रॉनचं मात्र सरळ उतारासारखं पसरतं. त्यामुळे या पट्ट्यांमधल्या तेजाचे फरक आलेखावर मांडले, की गॅमा सोडणारे ब्लेझार एका चिंचोळ्या पट्टीत गोळा होतात. हे २०११ साली लक्षात आलं. फर्मीच्या तुकड्यातली कोणती दीर्घिका त्या पट्टीत बसते, ते बघायचं.

बसली तरी खात्रीसाठी वर्णपट घ्यावाच लागतो. आणि बीएल लॅक प्रकारच्या ब्लेझारमध्ये झोताचा उजेडच इतका, की वर्णरेषा जेमतेम दिसतात. रेषा नाहीत तर ताम्रसृती (रेषांचं लाल बाजूला सरकणं) नाही, ताम्रसृती नाही तर अंतर नाही. दीर्घिका सापडते, ती किती लांब आहे ते कळत नाही.