एबी फॉर्म कुणाला? खान्देशातल्या तिकिटांची पार्श्वभूमी

निवडणूक लागली की जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये चर्चा एकच असते: एबी फॉर्म कुणाला मिळणार? अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचला तर माणूस पक्षाचा अधिकृत उमेदवार. नाही पोहोचला, तर पक्षाचं चिन्ह त्याला मिळत नाही, मग वर्षानुवर्षं त्याने पक्षाचा झेंडा खांद्यावर वाहिलेला का असेना.

या भागात पक्ष आधी चळवळ म्हणून आला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं. त्यासाठी धनाजी नाना चौधरींसारखी माणसं राबली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. कापूस-ज्वारीच्या मुलखात बैलजोडी, म्हणजे काँग्रेसचं तेव्हाचं चिन्ह, ओळखायला कुणाला शिकवावं लागलं नाही. तरीही मतदार चिन्हाला बांधलेला नव्हता. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, धुळ्याने जनसंघाच्या उत्तमराव पाटलांना लोकसभेत पाठवलं.

निवडणूक आयोगाचा चिन्हांचा आदेश १९६८ चा. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, नंतर बैलजोडी गोठवली गेली आणि चिन्ह ज्याच्या हाती त्याचा पक्ष, हे सगळ्यांना कळून चुकलं. राज्यघटनेत मात्र राजकीय पक्षांना जागा मिळाली ती थेट १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीसोबत. पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे सभागृहातला पक्षादेश, मोडला तर सदस्यत्व जाणार. एक तृतीयांश सदस्य फुटले तर मिळणारी सवलतही २००३ मध्ये गेली. निवडून आलेल्याला कायद्याने असं पक्षाशी बांधलं, पण पक्षाने उमेदवार कसा निवडावा, यावर कायदा गप्प राहिला. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षनोंदणीचं १९८९ चं कलम २९-अ आलं, त्यातही ते नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे. तालुक्यातल्या सभासदांचं मत घेणं पक्षांना बंधनकारक करायलाच हवं.

ज्यांच्यामागे सूतगिरणी, साखर कारखाना, शिक्षणसंस्था किंवा जिल्हा बँक उभी, त्यांना पक्षश्रेष्ठींची भीती कमी. सुरेश जैन १९८० पासून तीन दशकांहून अधिक काळ जळगावचे आमदार राहिले. दरम्यान पक्ष बदलले, मतदारसंघ नाही. माणिकराव गावित याच्या अगदी उलट: नंदुरबारमधून नऊ वेळा खासदार, कायम काँग्रेसचे. बाकीच्यांना वाट पाहावी लागते ती मुंबई-दिल्लीहून येणाऱ्या यादीची.

ती यादी किती बेभरवशाची, हे जळगाव लोकसभेने पाहिलं. २०१९ मध्ये भाजपने दोनदा निवडून आलेल्या ए. टी. पाटलांना थांबवून स्मिता वाघ यांचं नाव जाहीर केलं. मग ते बदलून चाळीसगावचे आमदार उन्मेष पाटील यांना उमेदवारी दिली आणि ते जिंकले. २०२४ मध्ये त्यांचंच तिकीट कापून स्मिता वाघ यांना दिलं. उन्मेष पाटील उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेत गेले, आणि स्मिता वाघ खासदार झाल्या. पाच वर्षांच्या अंतराने दोघांच्या वाट्याला तेच आलं. दोन्ही वेळा मतदारसंघातल्या सभासदांचं मतदान झालं नाही.

मुक्ताईनगरची कथा जास्त बोलकी. १९९० पासून तिथून निवडून येणाऱ्या एकनाथ खडसेंना २०१९ मध्ये भाजपने उमेदवारी नाकारली आणि कन्या रोहिणी यांना दिली. जागा युतीत भाजपकडे असल्याने शिवसेनेचे चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले, राष्ट्रवादीने त्यांना पाठिंबा दिला आणि थोडक्या मतांनी रोहिणी हरल्या. पुढच्या वर्षी खडसे राष्ट्रवादीत गेले. सून रक्षा खडसे भाजपच्या खासदार म्हणून आहेत तिथेच राहिल्या.

२०२४ च्या विधानसभेत अक्कलकुव्याची जागा महायुतीत शिंदेंच्या शिवसेनेकडे गेली. तेव्हा भाजपच्या दोन वेळच्या खासदार हीना गावित पक्ष सोडून अपक्ष लढल्या आणि पडल्या. वडील विजयकुमार गावित त्याच निवडणुकीत नंदुरबारमधून कमळावर निवडून आले.