वार्धक्यानुकूल घर (सोलापूर)

म्हाताऱ्या माणसाला कुणाला हाक न मारता उठता-बसता यावे, आंघोळ करता यावी, स्वतःपुरता चहा टाकता यावा, यासाठी राहत्या घरात केलेले फेरफार. भारतीय कायद्यानुसार साठाव्या वर्षापासून माणूस ज्येष्ठ नागरिक ठरतो. घरात हे बदल मात्र बहुधा कुणी पडल्यावरच होतात. ते आधी व्हायला हवेत.

सोलापुरात सुरुवात न्हाणीपासून करावी. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, घागरी भरून ठेवलेल्या असतात. पाणी वाकून उपसायचे, भरली बादली ओल्या फरशीवरून न्यायची, यातच तोल जातो. उंचावर छोटी टाकी बसवून कमरेच्या उंचीवर तोटी काढली की वाकणे आणि वाहणे दोन्ही टळते. आंघोळीला पाटाऐवजी पक्के स्टूल, संडासात सुमारे 45 सेंटिमीटर उंचीची बैठक आणि शेजारी आडवी दांडी असावी. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतीत खिळा-स्क्रूही धरत नाही. तिथे जमिनीत रोवलेला लोखंडी पाइप बरा. न्हाणीचे दार बाहेर उघडणारे असावे. आत पडलेला माणूस दाराला अडला तर आत उघडणारे दार लोटताच येत नाही.

खडबडीत शहाबादी फरशी ओली झाली तरी पाय धरते, गुळगुळीत टाइल धरत नाही. चकाकी हवी म्हणून चांगली शहाबादी उखडणे वृद्धांच्या घरात तरी टाळावे. उंबऱ्यासाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण 1:12 आहे, म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीला 1.8 मीटर उतार. पेठेतल्या अरुंद बोळात एवढी जागा कुठून आणणार? तिथे उंची निम्मी करणारी मधली पायरी आणि हाताशी कठडा यांवर भागते. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा ओढावा, कारण उतारवयात डोळ्यांना जास्त उजेड आणि ठळक रंगभेद लागतो. रात्री खाटेपासून संडासापर्यंत एक दिवा चालू असावा.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. वयानुसार तहान कमी जाणवते आणि शरीराला उष्णता बाहेर टाकणेही जड जाते, म्हणून गारवा हा इथे चैनीचा विषय नव्हे. जुनी माळवदाची घरे जाड मातीच्या छतामुळे थंड राहत. पत्र्याच्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. पत्र्यावर पांढरा लेप आणि पत्र्याखाली आतून दुसरे छत, एवढ्यानेही फरक पडतो. वृद्धांची खाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये.

सोलापुरात घरी विडी वळणाऱ्या बायकांचे आयुष्य मांडीवर सूप घेऊन जमिनीवर बसण्यात जाते. म्हातारपणी गुडघे वाकत नाहीत, पण काम सुटलेले नसते. अशा घरात उंच बैठक आणि सूप ठेवायला समोर छोटे टेबल, एवढा बदलही मोलाचा. स्वयंपाकघरातही रोजचे डबे खांदा ते कंबर या टप्प्यात हवेत. मात्र म्हातारीला न विचारता तिची मांडणी बदलू नये; अंधारातही तिचा हात सवयीच्या जागीच जातो.

भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत. तिथे कमोड खुर्ची, वॉकर, रबरी पायपुसणे अशी उचलून नेता येणारी साधने उपयोगी पडतात. पासष्टी ओलांडलेल्या पात्र व्यक्तींना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये मिळतात.