शत्रूच्या बॉम्बकडे लावलेले कान

१९ सप्टेंबर १९५७ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या एका डोंगराच्या पोटात अणुबॉम्ब उडवला गेला. तसा तो लहानच होता, १.७ किलोटनांचा, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या साधारण नवव्या हिश्श्याइतका. ‘रेनियर’ नावाच्या या चाचणीसाठी बोगदा खणला होता आणि स्फोटाच्या डोक्यावर पावणेतीनशे मीटर जाडीचा खडक होता. आकाशात ढग उठला नाही, किरणोत्सर्गी धूळ वाऱ्यावर गेली नाही. जे काही झालं ते डोंगराने स्वतःच्या पोटात ठेवलं.

तोपर्यंत दुसऱ्याच्या बॉम्बची खबर वाऱ्याकडून मिळायची. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्क इथे पहिला बॉम्ब गुपचूप उडवला. पण पाचव्याच दिवशी जपान ते अलास्का मार्गावर उडणाऱ्या अमेरिकी हवाईदलाच्या विमानाने गाळणकागदावर किरणोत्सर्गी कण टिपले आणि महिनाभराच्या आत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ती बातमी जगजाहीर केली. रेनियरने हा मार्गच बंद केला. स्फोट जमिनीखाली होऊ लागले, तर त्यांचा माग काढण्यासाठी उरते ती फक्त जमीन आणि तिच्यातून धावणाऱ्या लहरी. त्या वाचणारं शास्त्र म्हणजे भूकंपशास्त्र. त्या काळात ते विद्यापीठांच्या तळघरांत, तुटपुंज्या पैशांवर, मोजकी माणसं चालवत होती.

शीतयुद्ध म्हटलं की चंद्रावरची स्वारी आणि क्षेपणास्त्रांच्या रांगा आठवतात. मला मात्र त्या काळाची सगळ्यात मोलाची वैज्ञानिक मिळकत या तळघरांत दिसते.

रेनियरनंतर काही महिन्यांनी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने जाहीर केलं, की या स्फोटाचा धक्का २५० मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरच्या पुढे, नोंदला गेला नाही. याचा अर्थ सरळ होता: भूमिगत चाचण्या ओळखता येणार नाहीत, म्हणून चाचणीबंदीचा करार करण्यात अर्थ नाही. वॉशिंग्टनमध्ये आय. एफ. स्टोन हे पत्रकार स्वतःचं छोटं साप्ताहिक चालवत. ते उठून भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्यात गेले आणि तिथल्या नोंदी पाहून आले. धक्का थेट अलास्कातल्या फेअरबँक्सपर्यंत, सुमारे ३,७०० किलोमीटरवर पोहोचला होता. आयोगाला आपलं निवेदन दुरुस्त करावं लागलं.

चाचण्या थांबवण्याची मागणी तोवर जगभर जोर धरत होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या १५ मेगाटनांच्या स्फोटाची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि बोटीवरचे सगळे जण किरणोत्साराने आजारी पडले. महिनाभरात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या जागच्या जागी थांबवण्याचं आवाहन केलं. पण अडचण विश्वासाची होती. समोरचा चोरून चाचणी करणार नाही, याची खात्री कोण देणार?

ते ठरवण्यासाठी १९५८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जिनिव्हात दोन्ही गटांचे तज्ज्ञ एकत्र बसले. पश्चिमेकडून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि कॅनडा. पूर्वेकडून सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि रुमानिया. जगभर जमिनीवर १६० ते १७० केंद्रं आणि समुद्रात १० जहाजं ठेवली, तर ५ किलोटन आणि त्याहून मोठे स्फोट ओळखता येतील, असं त्यांनी एकमताने सांगितलं. ते एकमत फार टिकलं नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नेवाडात झालेल्या नव्या भूमिगत स्फोटांच्या नोंदी पाहून अमेरिका म्हणू लागली, की धक्के अपेक्षेपेक्षा क्षीण आहेत, मोजणी पुन्हा करायला हवी. सोव्हिएत बाजूला वाटलं, हे दिलेल्या शब्दावरून मागे फिरत आहेत.

या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र निखळ भौतिकशास्त्राचा होता. भूकंप आणि स्फोट यांत फरक कसा करायचा?

स्फोट सगळ्या दिशांना सारखा ढकलतो. फुगा फुगताना चोहोबाजूंनी बाहेर येतो तसा. त्यामुळे जगात कुठेही यंत्र ठेवा, पहिल्या लहरीबरोबर जमीन वर उचलली जाते. भूकंपात खडकाचे दोन भाग एका भेगेवर, म्हणजे भ्रंशावर, एकमेकांना घासत सरकतात. मग आजूबाजूच्या प्रदेशाचे जणू चार भाग होतात: समोरासमोरच्या दोन भागांत पहिला धक्का ढकलणारा, उरलेल्या दोनांत ओढणारा. काही केंद्रांवर यंत्राची रेघ वर जाते, काहींवर खाली. जगभरच्या केंद्रांवर रेघ आधी कुठे गेली एवढं नीट जमवलं, तरी भ्रंश कुठल्या दिशेचा आणि खडक कसा सरकला, हे हजारो किलोमीटरवर बसून सांगता येतं. हे गणित जपानी आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बरंच पुढे नेलं होतं, आणि त्यांतले मॉस्कोचे व्लादिमीर केलिस-बोरोक जिनिव्हातल्या चाचणीबंदीच्या चर्चांतही होते.

कागदावर सोपं, प्रत्यक्षात कठीण. लहान धक्क्यात ती पहिली रेघ वाऱ्याच्या, लाटांच्या, गाड्यांच्या थरथरीत हरवून जाते. शिवाय १९५८ साली प्रत्येक वेधशाळेचं यंत्र वेगळं, घड्याळ वेगळं, कागदाचा वेग वेगळा. एकाची नोंद दुसऱ्याशी ताडून पाहायची तर आधी दहा हिशेब करावे लागत.

१९५९ साली लॉइड बर्कनर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अमेरिकी सरकारला सांगितलं, की आधी हे शास्त्र सावरा. संरक्षण खात्याचा पैसा आला, आणि पूर्वीच्या कित्येक पटींनी आला. त्यातून १९६१ पासून जगभर एकाच धर्तीची भूकंपकेंद्रं उभी राहू लागली. सुमारे साठ देशांत १२० च्या आसपास. प्रत्येक ठिकाणी तेच सहा भूकंपमापक: तीन जलद लहरी टिपणारे, तीन संथ लहरी टिपणारे, दर तिघांत एक उभ्या हालचालीसाठी आणि दोन आडव्या. सगळीकडे एकाच जातीचं स्फटिक-घड्याळ, रेडिओच्या वेळेशी जुळवलेलं. फिरत्या पिंपावर गुंडाळलेल्या फोटोच्या कागदावर प्रकाशाचा ठिपका रेघ ओढत जायचा. भारतात दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि पुणे इथे ही केंद्रं होती. सोव्हिएत संघ आणि चीन या जाळ्यात नव्हते. त्यांच्याकडेच तर कान लावायचे होते.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत दूरदर्शी निर्णय यंत्रांबाबतचा नव्हताच. नोंदी गुप्त ठेवायच्या नाहीत, असं ठरलं. केंद्रांवरचे कागद अमेरिकेत जात, त्यांचे छोट्या फिल्मवर फोटो काढले जात आणि मागेल त्या संशोधकाला थोड्या पैशांत त्यांच्या प्रती मिळत. हेरगिरीच्या गरजेपोटी उभं राहिलेलं हे जाळं अशा रीतीने सगळ्यांचं झालं.

न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत लिन साइक्स हा तिशीही न गाठलेला संशोधक या फिल्म पाहत बसला होता. अटलांटिक महासागराच्या तळाशी मधोमध पर्वतरांग आहे, आणि ती सलग नाही. ठिकठिकाणी तुटून तिचे तुकडे डावी-उजवीकडे सरकलेले दिसतात. कुणालाही वाटेल, की रांग आधी सरळ होती आणि भेग पडून तुकडे दूर गेले. कॅनडाचे भूशास्त्रज्ञ टूझो विल्सन यांनी १९६५ साली उलटंच सांगितलं. रांगेतून नवा सागरतळ दोन्ही बाजूंना बाहेर सरकत असेल, तर दोन तुकड्यांच्या मधल्या भ्रंशावर खडकांची हालचाल डोळ्यांना वाटते त्याच्या नेमकी विरुद्ध असली पाहिजे. साइक्सने अशा भ्रंशांवरच्या भूकंपांच्या पहिल्या रेघा तपासल्या, वर की खाली. दिशा विल्सन म्हणाले तीच निघाली. १९६७ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी ब्रायन आयझॅक्स, जॅक ऑलिव्हर आणि साइक्स यांनी जगभरच्या भूकंपांची सांगड भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या थराच्या प्रचंड तुकड्यांच्या, हालचालीशी घातली. खंड सरकतात ही कित्येक वर्षं हेटाळली गेलेली कल्पना आता मोजून दाखवता येत होती. मॉस्कोतले वजनदार भूशास्त्रज्ञ व्लादिमीर बेलोसोव मात्र शेवटपर्यंत तिच्या विरोधात राहिले.

याच काळात महाराष्ट्रालाही या जाळ्याचा उपयोग झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. सुमारे ६.३ रिश्टरचा तो धक्का, आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. दख्खनचा कातळ भूकंपापासून सुरक्षित, ही तोवरची समजूत त्या पहाटे कोसळली. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, हा प्रश्न कोयनेमुळे जगापुढे ठळकपणे आला. जगभर पसरलेल्या या केंद्रांच्या नोंदी हाताशी असल्यामुळे शास्त्रज्ञांना सांगता आलं, की इथे मुख्यतः उभ्या भ्रंशाच्या दोन बाजू आडव्या घसरल्या. बॉम्ब पकडायला बसवलेल्या यंत्रांनी आपल्या सह्याद्रीखालची भेग वाचायला मदत केली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

चाचणीबंदीचं काय झालं? ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत करार झाला, पण अर्धाच. हवेत, पाण्यात आणि अंतराळात बंदी, जमिनीखाली मोकळीक. संशयास्पद धक्क्याच्या जागी जाऊन वर्षाला किती वेळा तपासणी करायची, यावर घोडं अडलं होतं. अमेरिका सात मागत होती, सोव्हिएत बाजू तीनच्या वर जायला तयार नव्हती. चार तपासण्यांच्या फरकाने पुढची कित्येक दशकं भूमिगत स्फोट होत राहिले.

१९७४ साली १५० किलोटनांपेक्षा मोठ्या भूमिगत चाचण्या न करण्याचं ठरलं. ती बोलणी करायला मॉस्कोला गेलेल्या अमेरिकी पथकात साइक्सही होते. मग नवा वाद पेटला. सोव्हिएत स्फोटांचे धक्के पाहून अमेरिकी सरकार म्हणू लागलं, की हे मर्यादा मोडत आहेत. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात हा आरोप उघडपणे होऊ लागला. साइक्स आणि इतर काही भूकंपतज्ज्ञ सांगत होते, की गफलत मोजण्यात आहे. नेवाडाखालचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, तप्त आहे आणि लहरींचा जोर पिऊन टाकतो. सेमिपालातिन्स्कखालचा खडक जुना, थंड आणि कठीण. तो लहर जवळजवळ जशीच्या तशी पुढे देतो. एकाच ताकदीचा बॉम्ब कझाकस्तानात ०.३ ते ०.४ रिश्टरने मोठा दिसतो. नेवाडाचं सूत्र तिथे लावलं, तर स्फोट दुपटीहून मोठा भासतो.

सरकारं ऐकत नव्हती, तेव्हा शास्त्रज्ञांनी स्वतः वाट काढली. १९८६ च्या मे महिन्यात एका अमेरिकी पर्यावरण संस्थेने सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार केला आणि जुलैत अमेरिकी भूकंपतज्ज्ञ आपली यंत्रं घेऊन सेमिपालातिन्स्कजवळच्या कार्कारालिन्स्कला पोहोचले. पुढच्या वर्षी तिथे १० आणि २० टन साधी स्फोटकं मुद्दाम उडवली गेली. एका किलोटनाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा तो धक्का दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या यंत्रांत स्वच्छ उमटला. थंड कातळ खरोखरच लहर दाबत नव्हता.

मग सरकारंही आली. १७ ऑगस्ट १९८८ रोजी सोव्हिएत तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत नेवाडात एक स्फोट झाला, १४ सप्टेंबरला अमेरिकी तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत सेमिपालातिन्स्कमध्ये दुसरा. दोन्ही १०० ते १५० किलोटनांच्या दरम्यान ठेवायचे, हे आधीच ठरलं होतं, आणि पाहुण्यांनी स्फोटाच्या विवराशेजारी स्वतःची मोजणीची तार खाली सोडली होती. जगभरच्या भूकंपमापकांवर कझाकस्तानचा धक्का नेवाडाच्या धक्क्यापेक्षा मोठा उमटला.