पहिला गेमिंग पीसी: यादी मॉनिटरपासून लिहा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन ‘गेमिंगसाठी चांगला प्रोसेसर दाखवा’ म्हटलं, की चुकीची खरेदी तिथूनच सुरू होते. प्रोसेसर यादीत तिसरा. आधी मॉनिटर ठरवायचा, मग ग्राफिक्स कार्ड, कारण कोणावर किती काम पडणार हे मॉनिटर ठरवतो.

१९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३६ लाख ८६ हजार आणि ४के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार. गेम सुरू असताना यातला प्रत्येक पिक्सेल दर फ्रेमला नव्याने रंगवावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. एवढ्या वेळात प्रोसेसर कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं याचा हिशोब करतो आणि ग्राफिक्स कार्ड ते चित्र काढतं. कार्ड एक फ्रेम काढत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमला लागलेला असतो, म्हणून दोघांत जो हळू त्याचाच वेग पडद्यावर दिसतो.

रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे १०८०पी (म्हणजे १९२० × १०८०) आणि १४४ हर्ट्झवर (पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो) स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्याला प्रोसेसर तगडा लागतो, तर ४के आणि ६० हर्ट्झवर निवांत गोष्टीचा गेम खेळणाऱ्याला मध्यम प्रोसेसर पुरतो आणि पैसा कार्डात जातो. अमुक प्रोसेसर तमुक कार्डाला ‘इतके टक्के बॉटलनेक’ करतो, म्हणजे अडवतो, असं सांगणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर खुशाल विसरा, हे प्रमाण गेमागणिक बदलतं. खरी परीक्षा सोपी आहे: रिझोल्यूशन कमी करून पाहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

पहिल्या पीसीसाठी एकूण रकमेतला ३५ ते ४५ टक्के वाटा कार्डाला द्यायला हरकत नाही. मात्र कार्डाच्या नावावर जाऊ नका, मेमरी पाहा. एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. ८ जीबी भरली की उरलेलं टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) मुख्य रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा पीसीआय-एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या, वाटेने परत आणावं लागतं. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती पुरवते. पीसीआय ४.० च्या स्लॉटमध्ये तेच कार्ड आठ लेनवर चालतं आणि ती वाट सेकंदाला सुमारे १६ जीबीची. म्हणजे सरासरी फ्रेम झकास दिसतात, पण कोपऱ्यावर वळताना गेम अडखळतो. म्हणून रिव्ह्यू पाहताना सरासरीपेक्षा ‘१ टक्का लो’ (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमांचा वेग) या आकड्याकडे लक्ष द्या.

प्रोसेसरमध्ये गेमिंगला आज सहा कोर पुरतात. एएमडीचा रायझन ५ ७६०० हे त्याचं चांगलं उदाहरण: सहा कोर, बारा थ्रेड, डब्यातच कूलर आणि मॉनिटर चालवण्यापुरतं ग्राफिक्स. रायझन ७ ७८००एक्स३डी गेममध्ये पुढे जातो तो मुख्यतः ९६ एमबीच्या एल३ कॅशेमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीमुळे (७६०० मध्ये ती ३२ एमबी आहे). गेमची माहिती विखुरलेली असते आणि रॅमपर्यंत जाऊन यायला कॅशेच्या कित्येक पट वेळ लागतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल किंवा रायझन ५ ७५००एफ असेल, तर आत ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात खरे, पण पीसी सुरू झाला नाही तर दोष कार्डात आहे की दुसरीकडे हे शोधायला दुसरं कार्ड उसनं आणावं लागतं. पहिल्या वेळी ही काटकसर नको.

मदरबोर्डवर फार पैसे घालू नका. हे रायझन ज्यात बसतात त्या एएम५ सॉकेटला बी६५० किंवा बी८५० चिपसेट पुरे. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही मिळतात, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

रॅम १६ जीबीच्या दोन कांड्या घ्या. ३२ जीबीची एकच घेतली तर मेमरीची रुंदी निम्मी होते. चार घेतल्या तर एएम५ वर वेग खाली आणावा लागतो. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या बसवायच्या. डब्यावरचे आकडे असे वाचा: ६००० सीएल३० म्हणजे ३००० मेगाहर्ट्झवर ३० चक्रं, अर्थात १० नॅनोसेकंद. ४८०० सीएल४० म्हणजे जवळपास १६.७. आणि ६००० ची रॅम घेतली म्हणून ती आपोआप ६००० वर धावत नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्स्पो किंवा एक्सएमपी हा रॅमच्या वेगाचा पर्याय सुरू करेपर्यंत ती मूळ वेगाने रांगते.

गेम साठवायला एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई (पीसीआयच्या जलद वाटेवर चालणारी), शक्यतो टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी). पीसीआयच्या पाचव्या पिढीच्या महागड्या एसएसडीने गेममधल्या फ्रेम वाढत नाहीत.

आता एसएमपीएस, म्हणजे घरची वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा. दुकानदार कॅबिनेटसोबत ‘४५० वॅटचा फुकट’ देतो तो. त्याच्या अंगावरचं लेबल वाचा: १२ व्होल्टसमोर १८ अँपियर लिहिलं असेल तर कामाचे वॅट २१६ च. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, बाकीची बेरीज कागदावरची. ५०६० टीआयचे १८०, ७६०० चे जास्तीत जास्त ८८ आणि पंखे-एसएसडी-बोर्डचे साठेक धरले तर ३३० वॅट होतात. तरी ५५० ते ६५० वॅटचा घ्यायचा, कारण कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी सरासरीच्या बरंच वर उसळी घेतं आणि कमकुवत एसएमपीएस तेवढ्यात बंद पडतो. एटीएक्स ३.० प्रमाणित मोठ्या एसएमपीएसना १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार झेलावा लागतो. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे कार्यक्षमतेचे शिक्के आहेत, टिकाऊपणाचे नव्हेत. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि पहिल्याच झटक्यात एखादा भाग जळू शकतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा पीसीचा नसतो, घरात अर्थिंग नसतं. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या मध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह मिलिअँपियरहून कमी असतो, तरी एचडीएमआय केबल लावता-काढताना पोर्ट जायला तो पुरतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, दोन पिनांचा अॅडॉप्टर लावून वेळ मारून नेऊ नका.

वीज जाते तिथे ६०० व्हीएचा यूपीएस कमी पडतो, कारण तो साधारण ३६० वॅटच देतो आणि मॉनिटर धरून आपला भार त्यापुढे जातो. १००० व्हीए बघा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

कॅबिनेट पुढून जाळीचं असावं. दिव्यांची काच पुढे आली की हवेची वाट अडते. कूलर खोलीच्या तापमानापेक्षा खाली जाऊच शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहत असेल, तर मे महिन्यात नागपुरात ४२ अंशांच्या खोलीत तो ९२ च्या आसपास जाणार, आणि ७६०० ची मर्यादा ९५. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडकते, फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. पीसी खातो ती जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ३३० वॅट म्हणजे एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा साधारण दहावा हिस्सा.

जोडणी करताना सगळं लगेच कॅबिनेटमध्ये घालू नका. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि रॅम लावा, एसएमपीएस जोडा, मॉनिटरची केबल बोर्डाला द्या आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. एएम५ च्या पिना बोर्डावर असतात. त्यांना बोट लागलं, पिन वाकली, तर वॉरंटी सहसा विसरायची. वेगळा कूलर घेतला असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढा. ती तशीच राहिली की प्रोसेसर मिनिटभरात ९५ गाठतो. कॅबिनेटमध्ये बसवताना पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, हे मोजा. एखादा भलत्या जागी राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला शॉर्ट करतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. डीडीआर५ आपली जुळवणी करत असते, त्याला काही मिनिटं लागतात. पाच-दहा मिनिटं थांबा, मध्येच बंद करू नका. त्यानंतरही काही दिसलं नाही तर बोर्डाच्या कडेचे चार बारीक दिवे पाहा. ‘सीपीयू’चा पेटला असेल तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा प्लग बहुधा राहिलेला असतो, किंवा अर्धाच बसलेला. ‘डीरॅम’चा पेटला तर एकच कांडी दुसऱ्या स्लॉटमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून पुन्हा सुरू करा.