बग्गीतली मुलं, बग्गीवरचा गाडीवान

१९०५ च्या फेब्रुवारीत मॉस्कोतल्या एका रस्त्यावर इव्हान काल्यायेव हा झारशाहीविरुद्ध लढणारा तरुण क्रांतिकारक बॉम्ब घेऊन उभा होता. वाट होती झार दुसऱ्या निकोलसचे काका ग्रँड ड्यूक सर्गेई यांच्या बग्गीची. ती जवळ आली, आत ड्यूकची पत्नी आणि एक लहान मुलगा, एक मुलगी दिसली, आणि काल्यायेवने उगारलेला हात खाली घेतला. दोन दिवसांनी ड्यूक कुटुंबाशिवाय निघाले तेव्हा क्रेमलिनच्या आवारात त्याने त्यांना ठार केलं.

कथा-नाटकांतला बॉम्ब फेकणारा माथेफिरू आपला का वाटतो, हे शोधताना मी पुन्हा पुन्हा या खाली घेतलेल्या हातापाशी येतो. फ्रेंच लेखक अल्बेर काम्यूने त्याभोवतीच 'ले ज्यूस्त' (न्यायी माणसं) हे नाटक उभं केलं. १९४९ मध्ये ते पॅरिसच्या रंगमंचावर आलं. नायकाचं नावसुद्धा खरंच ठेवलं होतं. हा नायक कविमनाचा आहे, त्याच्यावर जीव लावणारी सखी आहे, घेतलेल्या प्राणाची किंमत तो स्वतःच्या प्राणाने मोजतो. नाटकभर आपण त्याच्या मनात राहतो.

यात खोटं काही नाही. मात्र अनेक स्फोटांमधून निवडलेला हा एक क्षण आहे. १८८० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात क्रांतिकारकांनी पेरलेला सुरुंग उडाला. झार वाचला, पहाऱ्यावरचे ११ सैनिक मेले. पुढच्या वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरला मारताना रस्त्यावरचा एक पोरगाही गेला. १९०६ मध्ये पंतप्रधान स्तोलिपिन यांच्या बंगल्यात लोक भेटीला जमलेले असताना बॉम्ब फुटले. पंचवीसहून अधिक माणसं ठार झाली, स्तोलिपिन यांची मुलगी आणि मुलगा जखमी झाले. तिथे कुणाचा हात खाली आला नाही.

घटनेला लागूनच लिहिणाऱ्या रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीला वेगळं दिसलं होतं. १८६९ मध्ये नेचायेव या क्रांतिकारकाच्या गटाने आपल्याच एका विद्यार्थी साथीदाराचा खून केला. त्यावर बेतलेली कादंबरी १८७१ पासून क्रमशः छापून येऊ लागली, आणि तिच्यातला म्होरक्या मुळीच लोभस नाही. काम्यू लिहीत होता ते चाळीसहून अधिक वर्षांनी, परक्या देशात. रक्त वाळलं होतं.

ड्यूकची बग्गी हाकणारा आंद्रेई रुदिन्किन त्या स्फोटात जबर जखमी झाला आणि काही दिवसांनी दगावला. ड्यूकची विधवा एलिझाबेथ काल्यायेवला तुरुंगात भेटायला गेली. ती भेट नाटकात आहे. ती इस्पितळात या गाडीवानाच्या खाटेपाशीही गेली होती. तो प्रसंग नाटकात नाही.